शेवटचे महिने घरी कसे सांभाळावेत आणि त्यानंतर घराला कसं सावरावं

"आता घरी न्या, जमेल तेवढी सेवा करा." बांबोळीच्या गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळातून), मडगावातून किंवा एखाद्या खाजगी इस्पितळातून हे वाक्य ऐकून माणसं रुग्णाला घेऊन घरी येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात कुणालाच माहीत नसतं की सेवा म्हणजे नेमकं काय करायचं.

मी परिचारिका म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतर फोंडा, डिचोली, सत्तरीकडच्या घरांत अशा रुग्णांना भेटायला जाते. "आता काही करण्यासारखं राहिलं नाही" हे मला पटत नाही. आजार बरा करण्याचे उपाय संपले तरी दुखणं, धाप, मळमळ, भीती यांवरचे उपाय संपत नाहीत, आणि त्यातले बरेचसे घरातल्या माणसांना शिकता येतात. फक्त ते आधी शिकलेले असावे लागतात. रात्री दोन वाजता धाप लागल्यावर शिकायला वेळ नसतो.

इथे जास्त करून कॅन्सरच्या रुग्णांचं आलं आहे, पण मूत्रपिंड निकामी झालेल्या, हृदय थकलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरीही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

घरी आणण्यापूर्वी

डिस्चार्जचा कागद हातात घेऊन लगेच निघू नका. डॉक्टरांना विचारा: पुढच्या काही आठवड्यांत काय काय होऊ शकतं? रात्री दुखणं वाढलं तर कुठलं औषध, किती द्यायचं? धाप लागली तर? बडबड, तगमग सुरू झाली तर? उत्तरं कागदावर लिहून घ्या. जुन्या गोळ्यांचाही विषय काढा. कोलेस्टेरॉलच्या, जीवनसत्त्वांच्या गोळ्या या टप्प्यावर बहुधा बंद करता येतात, आणि रोज मूठभर गोळ्या गिळण्याचा त्रास वाचतो.

मग पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारा विभाग, याची स्वतःहून चौकशी करा. ज्या इस्पितळात उपचार झाले तिथे, गोमेकॉत, मडगावच्या किंवा म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात विचारा. या विभागाकडे शेवटच्या आठवड्यातच जायचं असतं असा समज आहे. खरं तर केमोथेरपी चालू असतानाही जाता येतं आणि जितकं लवकर जाल तितकं बरं.

घरी सांभाळणं शक्यच नसेल, एकटी वृद्ध बायको असेल, जखम फार मोठी असेल, तर सासष्टीतल्या लोटली गावात शांती आवेदना सदन आहे. हीच संस्था १९८६ साली मुंबईत सुरू झाली आणि ते भारतातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळणारं ठिकाण. कॅन्सर पुढे गेलेल्या रुग्णांना तिथे मोफत ठेवून घेतात. आईला किंवा बाबांना तिथे नेलं म्हणून कुणी आयुष्यभर मान खाली घालू नये. नीट सेवा होणाऱ्या जागी नेणं ही सेवाच आहे.

दुखणं: इथे तडजोड करू नका

सगळ्यात जास्त चुकीच्या समजुती दुखण्याबद्दल आहेत. रुग्ण दात आवळून सहन करतो, कारण त्याला वाटतं आजारात दुखायचंच. घरचे गोळी पुढे ढकलतात, कारण सवय लागेल असं त्यांना वाटतं. मधल्या मध्ये माणूस कळवळत राहतो.

कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी हे जगभर मान्य झालेलं औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये वेदनेच्या उपचारांची जी शिडी सांगितली, तिच्या वरच्या पायरीवर हेच औषध आहे. आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्यामुळे ते वर्षानुवर्षं दुर्मिळ होतं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर नियम सुटसुटीत झाले आणि मान्यताप्राप्त संस्थांमधून ते मिळू लागलं. कोपऱ्यावरच्या फार्मसीत ते बहुधा मिळणार नाही, म्हणून साठा संपायच्या चार-पाच दिवस आधीच पुढची सोय करा. पावसाळ्यात वाळपईकडून किंवा सांग्याहून बांबोळी गाठायची असेल तर आणखी आधी.

साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. म्हणून ती घड्याळ पाहून द्यायची, दुखण्याची वाट पाहून नाही. दुखणं परत डोकं वर काढेपर्यंत थांबलात तर ते आवरायला जास्त औषध लागतं. मध्येच दुखलं तर द्यायची वेगळी मात्राही डॉक्टरांकडून लिहून घ्या. सुरुवातीचे काही दिवस झोप येते, मळमळतं, पण ते बहुधा ओसरतं. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही. मॉर्फिन चालू आहे तोवर पोट साफ होण्याचं औषध रोज चालूच ठेवायचं, आणि ते लिहून दिलेलं नसेल तर मागून घ्यायचं. गोळी एकदम बंद करू नका. मात्रा मनाने वाढवू नका, शेजारच्याच्या सांगण्यावरून कमीही करू नका.

वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणं विरळा. योग्य मात्रेत दिल्याने माणूस लवकर जातो, हेही खरं नाही. दुखणं थांबल्यावर माणूस गाढ झोपतो, आणि कित्येक रात्रींनंतरची ती झोप पाहून घरचे घाबरतात. हलकी हाक मारल्यावर डोळे उघडत असतील, श्वास शांत आणि नियमित असेल, तर बहुधा ती नुसती झोपच असते. हाकेला अजिबात प्रतिसाद नाही, श्वास फारच संथ झालाय, असं दिसलं तर पुढची गोळी थांबवून लगेच फोन करा.

दुखणं मोजायला एक साधी वही ठेवा. डॉक्टर शून्य ते दहा विचारतात, पण जुन्या माणसांना "रुपयात किती आणे?" हे लवकर कळतं. "आज बारा आणे" असं उत्तर आलं की वेळ आणि गोळीसह लिहून ठेवा. डॉक्टरांच्या पुढ्यात "खूप दुखतं हो" म्हणण्यापेक्षा ही वही जास्त बोलते.

हॉस्पिसच्या कामाचा आधुनिक पाया १९६७ मध्ये लंडनला सिसली सॉन्डर्स यांनी घातला. वेदना फक्त शरीराची नसते, पैशाची काळजी, न बोललेलं भांडण, देवाशी अडलेला हिशेब हे सगळं तिच्यात मिसळलेलं असतं, असं त्या सांगत. गोळी बदलूनही दुखणं हटत नसेल, तर रुग्णाजवळ एकट्याने बसून विचारा, "मनात काही राहिलंय का?" धाकट्या भावाशी अबोला असतो. मुलीच्या लग्नाची चिंता असते.

अंथरूण, तोंड आणि जखम

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदला. माकडहाड, खुबे, टाचा, कोपर आणि खांद्याची पाती रोज उजेडात पाहा. त्वचा लाल दिसली आणि बोटाने दाबल्यावरही लाली जात नसेल, तर तिथे जखम होऊ घातली आहे. त्या बाजूवर निजवू नका, तिथे चोळूही नका. हवेची गादी घ्या, शक्यतो भाड्याने. पण तिचा पंप विजेवर चालतो आणि आपल्याकडे जून-जुलैत वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून गादी आली तरी कूस बदलणं सोडू नका. जुन्या मऊ लुगड्याची चौघडी कमरेखाली आडवी अंथरली की दोघांना मिळून रुग्णाला न ओढता सरकवता येतं. पावसात चादरी वाळत नाहीत, तेव्हा अशा चौघड्या भरपूर लागतात.

तोंडाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. जीभ कोरडी, पांढरी झाली की जेवण नकोसं होतं आणि बोलणंही. पेलाभर कोमट पाण्यात चिमूटभर मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालून, मऊ कापड बोटाला गुंडाळून, दिवसातून चार-पाच वेळा तोंड पुसा. ओठांना खोबरेल तेल लावा. गिळता येत असेल तर अननसाचा लहानसा तुकडा चोखायला द्या, जिभेवरचा थर सुटतो.

कॅन्सरच्या जखमेला वास येतो, आणि मग रुग्ण स्वतःच माणसांना टाळू लागतो. मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून जखमेवर भुरभुरली की वास बराच कमी होतो. हे परिचारिकेकडून एकदा शिकून घ्या. जखमेतून रक्त येण्याची शक्यता असेल तर गडद रंगाचे टॉवेल हाताशी ठेवा. पांढऱ्या कापडावर थोडं रक्तही भयंकर दिसतं.

पेज नको म्हणाले तर

घरातल्या बायकांच्या डोळ्यांत सर्वांत जास्त पाणी येतं ते इथे. उकड्या तांदळाची पेज करून आणायची आणि माणसाने तोंड फिरवायचं. मग विनवण्या, मग रागावणं, मग चमचा जबरदस्तीने तोंडात. मागाहून मनाला टोचणी की आपण त्यांना उपाशी ठेवलं.

शरीर बंद होत जातं तेव्हा भूक आधी जाते. माणूस जेवत नाही म्हणून जात नसतो. आजारामुळे तो जाण्याच्या वाटेवर असतो, म्हणून त्याला जेवण नको असतं. या अवस्थेत कोंबलेलं अन्न पोटात पडून राहतं, उलटी होते, किंवा श्वासनलिकेत जाऊन ठसका आणि न्यूमोनिया होतो. सलाईनचंही तसंच. शेवटच्या दिवसांत बाटलीभर पाणी शिरेतून दिलं की बरेचदा पायांवर सूज येते आणि छातीत पाणी साठून घरघर वाढते. बहुतेकांना तेव्हा पाण्यापेक्षा ओलं तोंड हवं असतं, ते वर सांगितलंच.

मग करायचं काय? थाळी बाजूला ठेवा. वाटीत दोन चमचे पेजेची निवळ, आडसराचं पाणी, थोडी सोलकढी, जे त्यांनी मागितलं ते, मागतील तेव्हा. सुंगटाच्या हुमणाचा नुसता रस बोटाने जिभेला लावून कुणी समाधानाने डोळे मिटत असेल, तर पथ्याचा कागद फाडून टाका. मधुमेहाचं कडक पथ्यही या वेळी ढिलं करता येतं. गोळ्या आणि इन्सुलिन तेवढं डॉक्टरांना विचारून कमी करून घ्या, कारण जेवण घटलं की साखर एकदम खाली जाते.

सांगायचं की नाही

"डॉक्टर, बाबांना काही सांगू नका हं." हे प्रत्येक घरात होतं, मायेपोटी होतं. पण अंथरुणावरच्या माणसाला बहुधा कळलेलं असतं. तोही घरच्यांना त्रास नको म्हणून गप्प राहतो. दोन्ही बाजूंनी सोंग वठवलं जातं आणि बोलायचं ते राहून जातं.

सगळं एका दमात सांगायची गरज नाही. विचारून पाहा: "तुम्हाला काय वाटतं, बाबा, तब्येतीचं कसं चाललंय?" आणि मग थांबा. ते विषय बदलतील तर तुम्हीही बदला. ते म्हणतील, "मला वाटतं आता फार दिवस नाहीत," तर "काहीतरीच काय बोलता!" म्हणून तोंड बंद करू नका. "असं वाटतं तर काय करूया? कुणाला भेटायचंय?" एवढं पुरे.

गोव्यात आणखी एक प्रश्न हमखास येतो. मुलगा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला, आहे किंवा आखातात आहे, त्याला कधी बोलवायचं? नेमकी तारीख कुणी देऊ शकत नाही, पण आम्ही एक ठोकताळा वापरतो. प्रकृतीत महिन्यामहिन्याला फरक दिसत असेल तर बहुधा महिने उरलेत, आठवड्याला दिसत असेल तर आठवडे, दिवसागणिक दिसत असेल तर दिवस. बोटीवरून उतरायला बदली माणूस आणि बंदर मिळावं लागतं, त्यात दिवस जातात. म्हणून आठवड्याला फरक दिसू लागला की फोन करा. आई शुद्धीवर असताना तो आलेला बरा. येता आलं नाहीच, तर व्हिडिओ कॉल लावून फोन कानाशी धरा आणि त्याला बोलू द्या.

कागद, शुद्ध आहे तोवर

गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते आणि निम्मी हयात जोडीदाराची. मुलं असतील तर स्वतःच्या हिश्शाच्याही निम्म्याचंच मृत्युपत्र करता येतं. ते विशेष नोटरीकडे, म्हणजे सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयात होतं. वकिलाला एकदा विचारून घ्या. बँकेचं नॉमिनेशन, लॉकर, फोनचा पिन, विमा हे कुणाला तरी माहीत असू द्या.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वैद्यकीय इच्छापत्र. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला ते मान्य केलं आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची किचकट पद्धत सोपी केली. अठरा वर्षांवरील, समज शाबूत असलेल्या कुणालाही लिहून ठेवता येतं की बरं होण्याची आशा नसेल तर मला व्हेंटिलेटर, नळ्या नकोत. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करायचं, आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या एक-दोन विश्वासू माणसांची नावं घालायची, प्रती घरच्यांना, डॉक्टरांना आणि पंचायतीच्या किंवा पालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याला द्यायच्या. तुम्ही स्वतः बोलू शकता तोवर तो कागद लागूच होत नाही. लागू करायची वेळ आली तरी एकटा डॉक्टर ठरवत नाही, इस्पितळातली दोन वैद्यकीय मंडळं ठरवतात. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं असं इच्छापत्र केलं, तेव्हापासून गोव्यात लोक याबद्दल विचारू लागले आहेत. चांगली गोष्ट आहे.

शेवटचे दिवस कसे असतात

पाहिलेलं नसतं म्हणून माणसं घाबरतात. काय होतं ते आधी कळलं की भीती निम्मी उतरते.

झोप वाढत जाते, दिवसाचे वीस-बावीस तास. लघवी कमी आणि गडद होते. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर, तळव्यांवर जांभळट नक्षी उमटते. श्वास अनियमित होतो: चार-पाच भराभर, मग मोठी थांबणूक, मग परत. घशात घरघर येते. हा आवाज ऐकवत नाही, पण रुग्ण तेव्हा बहुधा त्याच्या पलीकडे गेलेला असतो. कुशीवर वळवा, डोकं थोडं उंच करा. घशात साठलेला स्राव नळी घालून ओढून काढू नका, त्याने दुखतं आणि घरघर परत येते. धाप असेल तर खिडकी उघडा, पंख्याचा वारा चेहऱ्यावर येऊ द्या, माणसांची गर्दी हटवा.

काही जण गेलेल्या आईशी बोलतात, "मला घरी ने" म्हणतात. हटकू नका, वादही घालू नका. तगमग जास्त असेल, कपडे ओढत असतील, तर आधी लघवी तुंबलीय का, पोट साफ झालंय का, दुखतंय का ते बघा. मग डॉक्टरांना फोन. गिळणं थांबलं की औषधं त्वचेखालच्या बारीक सुईने देता येतात, त्याची तजवीज आधी विचारून ठेवा.

आपल्या दोन रीतींबद्दल लिहितेच. मुखात गंगाजल किंवा तुळशीचं पाणी घालतात ते ओतू नका, गिळता येत नाही आणि ठसका लागतो. तुळशीपत्र भिजवून ओठांना लावा, भावना तीच राहते. काही घरांत जीव जायच्या आधी माणसाला भुईवर घेतात. हाडं दुखत असताना उचलाउचल करणं म्हणजे शेवटच्या घटकेला यातना देणं. एक-दोन दिवस आधीच अंथरूण जमिनीवर लावा, किंवा श्वास थांबल्यानंतर उतरवा. समजावून सांगितलं तर भटजीही बहुधा मान्य करतात.

ऐकू येणं शेवटपर्यंत राहतं असं धरूनच वागा. खोलीत जमिनीच्या वाटण्या, खर्चाचे हिशेब बोलू नका. नातवाला येऊ द्या. हात धरा. नेहमीचा हरिपाठ, घुमट आरती, जे त्यांना आवडतं ते हळू आवाजात लावा.

आणि १०८ चा, म्हणजे रुग्णवाहिकेचा, प्रश्न. त्या क्षणी घाबरून १०८ लावलात, तर ती मंडळी आपलं काम करणार: छाती दाबणार, गाडीत घालून इस्पितळात नेणार. घरीच जाऊ द्यायचं ठरलं असेल तर फोन कुणाला करायचा ते नाव आणि नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. पडून हाड मोडलं, अचानक वेगळाच काही त्रास झाला, तर १०८ जरूर लावा.

श्वास थांबल्यावर

घाई नाही. हवं तेवढं बसा.

मग डॉक्टर. तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांना आठवडाभर आधीच विचारलेलं असावं: "रात्री काही झालं तर तुम्ही याल ना? दाखला द्याल ना?" आजारपणात तपासत आलेल्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचा दाखला दिला की पुढचं सरळ होतं. तो नसला की देह इस्पितळात न्यावा लागतो, आणि मग पोलीस, पंचनामा, शवचिकित्सा यांत सकाळ जाऊ शकते. मृत्यूची नोंद पंचायतीत किंवा पालिकेत २१ दिवसांच्या आत करायची. दाखल्याच्या प्रती भरपूर घ्या. नावाच्या स्पेलिंगची खात्री आधार कार्डाशी ताडून तिथेच करा, नंतर दुरुस्तीला फेऱ्या पडतात.

नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत. पापण्या मिटा, वर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोकं उशीवर थोडं उंच ठेवा आणि गोमेकॉला कळवा. वय, चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया याची आडकाठी नसते. छातीत पेसमेकर असेल तर दहनाआधी तो काढायला डॉक्टरांना सांगा, आगीत तो फुटतो.

उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून ज्या इस्पितळातून आणल्या तिथे परत करा. घरात ठेवू नका. का ते पुढे येईल.

तेराव्यानंतर

पहिले तेरा दिवस आपली रीत माणसाला एकटं सोडत नाही. घरात चूल पेटत नाही, शेजारी डबे आणतात, माणसांची रीघ लागते, रात्री भजन होतं. मला या रीतीबद्दल फार आदर आहे. पण चौदाव्या दिवशी सगळे आपापल्या घरी जातात आणि ज्याचं माणूस गेलं त्याचं दुःख बहुधा तेव्हा सुरू होतं. तोवर तो पाहुण्यांच्या चहाचं बघत असतो.

म्हणून मदत करणाऱ्यांनो, वेळ जरा पुढे सरकवा. आपल्या फोनमध्ये तारखा घालून ठेवा: पहिला महिना, तिसरा महिना, गेलेल्याचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, पहिली चवथ, म्हाळ, वर्षश्राद्ध. पहिली चवथ फार अवघड जाते. त्या घरात त्या वर्षी गणपती नसेल, माटोळी नसेल, शेजारी मात्र फटाके वाजत असतील. आदल्या संध्याकाळी जाऊन बसा.

"काही लागलं तर सांगा" असं म्हणू नका, कुणी सांगत नाही. "मी मंगळवारी बाजारात जाते, तुमचं मासळीचं आणते," "बँकेत मी येतो सोबत," असं म्हणा. पेन्शनच्या फॉर्मला, दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या अर्जाला सोबत जा. विधवा झालेल्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा वीज बिल भरायचं असतं, तिला ते दोनदा करून दाखवा.

बोलायचं काय, याची धास्ती वाटून माणसं जातच नाहीत. फार बोलायची गरज नाही. "देवाची मर्जी", "सुटले बिचारे", "तू आता खंबीर राहा, मुलांकडे बघ" हे टाळा, ते ऐकणाऱ्याचं तोंड बंद करतं. गेलेल्याचं नाव घ्या. "तुझ्या आईच्या हातच्या नेवऱ्या मला आठवतात" असं म्हटल्यावर रडू आलं तर येऊ द्या. तुम्ही रडवलेलं नसतं, ते आतच होतं.

शोकाच्या पाच पायऱ्या असतात असं सगळीकडे वाचायला मिळतं. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, त्याही मरणाच्या दारी असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी त्या क्रमाने चढाव्यात असं काही नाही. सकाळी हसणारी बाई दुपारी त्यांची चप्पल पाहून कोसळेल आणि संध्याकाळी मुलाच्या फीची चौकशी करेल, हे अगदी स्वाभाविक आहे. हाक ऐकू आल्यासारखी वाटणं, दारात कुणी उभं असल्याचा भास होणं हेही पुष्कळांना होतं, वेड लागल्याचं ते लक्षण नाही.

नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं यावर माझं मत स्पष्ट आहे: हे थांबवा. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तुमच्या घरात ठरावाची वाट बघू नका. हे आधी ठरवावं लागतं, कारण त्या दिवशी एखादी थोरली काकू पुढे होते आणि कुणालाच "नको" म्हणवत नाही. घरातल्या एका माणसाने, शक्यतो थोरल्या दिराने किंवा मुलाने, अगोदरच सगळ्यांना सांगून ठेवावं. हळदीकुंकवाला, चवथीच्या ओटीला तिला पहिल्याच वर्षी आवर्जून बोलवा.

मुलांना "आजोबा झोपले", "गावाला गेले" असं सांगू नका. झोपायची भीती बसते, किंवा ती दारात वाट बघत बसतात. "आजोबा वारले. त्यांचं शरीर काम करायचं थांबलं. ते परत येणार नाहीत. तू काही केलं म्हणून झालेलं नाही," एवढं साधं सांगा. पुन्हा पुन्हा विचारतील, पुन्हा पुन्हा तेच सांगा. शाळेतल्या बाईंना कळवून ठेवा.

महिनोन्महिने सेवा करणाऱ्या सुनेचं किंवा मुलीचं काय होतं, याकडे कुणी बघत नाही. तिचे दिवस चार-चार तासांच्या गोळ्यांनी बांधलेले होते, आता एकदम रिकामे झाले. "बरं झालं, संपलं" असं वाटतं आणि लगेच त्या वाटण्याचीच लाज वाटते. तिला कुणीतरी सांगायला हवं की सुटल्यासारखं वाटणं म्हणजे प्रेम कमी असणं नव्हे. शक्य असेल तर सेवा चालू असतानाच तिला आठवड्यातून एक पूर्ण दुपार मोकळी मिळेल असं बघा.

पुरुष रडत नाहीत, बसतात. गोव्यात दारू चार पावलांवर मिळते. बायको गेलेला माणूस रोज संध्याकाळी बारमध्ये दिसू लागला तर "दुःखात आहे, पिऊ द्या" म्हणून सोडून देऊ नका.

केव्हा डॉक्टरांकडे न्यायचं

शोक हा आजार नाही, आणि बहुतेकांना औषध लागत नाही. पण सहा महिन्यांनंतरही रोजचं जगणं ठप्प असेल, माणूस घराबाहेर पडत नसेल, जेवण-झोप परत आली नसेल, सगळं गेलेल्यापाशीच अडकून राहिलं असेल, तर मदत घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत लांबलेल्या शोकासाठी किमान सहा महिन्यांची मुदत आहे.

"मलाही त्यांच्याकडे जायचंय" असं कुणी म्हणालं तर एवढा वेळ थांबायचं नाही. सरळ विचारा: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला जागा मिळते. उत्तर हो आलं तर एकटं सोडू नका. कीटकनाशकं, औषधांचा साठा घरातून हलवा. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे. बांबोळीला आयपीएचबी हे मनोविकारांचं सरकारी इस्पितळ आहे. तिथे जायला लोक कचरतात. "वेड्यांच्या इस्पितळात कशाला" असं घरातलंच कुणीतरी म्हणेल. ते ऐकून बेत रद्द करू नका. माणूस तयार झाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी न्या, जुने कागद पिशवीत घ्या, रांगेत तुम्ही उभे राहा, आणि पुढची तारीख लिहून घेतल्याशिवाय तिथून निघू नका.